टाकणं आणि टाकून देणं

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यासाठी पेज गाळत होते. सकाळचे साडेदहा वाजले होते. दवाखान्यातल्या सिस्टरनं माझं नाव विचारलं, नातं विचारलं, आणि मग सांगितलं. मी गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं, आणि खरं सांगते, सुटले एकदाची असं वाटलं मला. माणसं म्हणतात ना, हाल हाल झाले, सुटली बिचारी... तसलं नव्हे. मीच सुटले असं वाटलं. आता अश्विनीला काही सांगायची गरज उरली नाही, हा माझा पहिला विचार. अश्विनी माझी मुलगी. तिला सांगायचं काय राहिलं होतं ते पुढं येईलच. पेपरच्या या पानावर गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायची पद्धत आहे, तेही मी लिहीन. पण वाईट शब्दही येतील, आणि ते जास्त करून माझ्याबद्दल असतील.

अक्का म्हणजे शारदा, माझी सख्खी बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आमचं माहेर कोडोलीचं. घरात शेती, दावणीला म्हशी, आणि अव्वाच्या, म्हणजे आमच्या आईच्या, तोंडी दिवसभर निम्मं कानडी. अक्काला कबनूरला दिली होती, यंत्रमागांच्या खडखडाटात. तिसऱ्या वर्षी तिचा दीर तिला आणून सोडून गेला. उंबऱ्याच्या आत आला नाही, पाणीसुद्धा प्याला नाही. कारण त्यानं सांगितलं नाही आणि आमच्या अप्पांनी विचारलं नाही. गावातल्या बायका तिला पाठीमागं 'टाकलेली' म्हणायच्या. ती पुढं शिकली, बी.एड. झाली, राजारामपुरीतल्या एका शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तरी त्या शब्दानं तिचा पिच्छा सोडला नाही. एकदा एका लग्नात हळदीकुंकू लावताना कुणीतरी तो जरा मोठ्यानं बोललं. अक्का वळली आणि वर्गात सांगावं तसं म्हणाली, "टाकलेली न्हाय, टाकून दिलेली. क्रियापद नीट वापरा." त्या बाईचं बोट कुंकवातच राहिलं. मला तेव्हा अक्काचा अभिमान वाटायला हवा होता. मला लाज वाटली, आणि मी जेवायच्या पंगतीत तिच्यापासून चार पानं सोडून बसले.

जीभ तिची पहिल्यापासूनच तिखट. शाळेत पोरं तिला टरकून असत, आणि पालक पोरांपेक्षा जास्त. "तुमचं पोरगं हुशार हाय, हे कोण सांगितलं तुमास्नी?" असं ती पालकसभेत सगळ्यांदेखत विचारायची. माझ्या घरी जेवायला आली की पहिला भुरका मारून म्हणायची, "शोभे, ही आमटी हाय का हात धुतल्यालं पाणी?" आमचे हे हसायचे. मी हसायचे नाही. एखाद्याला नापसंत करणं हा तिचा रोजचा धंदा होता, आणि 'अक्कांना पटलं नाही' एवढं म्हटलं की आमच्या भावकीत पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण याचाच मी पुढं उपयोग करून घेतला.

निवृत्त झाल्यावर ती आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून, एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत एकटी राहायची. तिचा एक जुना विद्यार्थी पुण्याला नोकरीत आहे. त्यानं एकदा येताना तिला पत्त्यांचा एक खेळ आणून दिला. आपले रमीचे पत्ते नव्हेत. अंतराळातली लढाई होती ती. पत्त्यांवर यानं, ग्रह, तळ, काय काय, आणि सोबत बारीक इंग्रजीतलं नियमांचं पुस्तक. अक्का दोन दिवसांत ते पुस्तक कोळून प्याली आणि तिनं सगळे नियम मराठीत वहीत उतरवून काढले. डब्यावरचं इंग्रजी नाव गल्लीत कुणाला धड म्हणता येईना, म्हणून सगळे त्याला 'बाईंचा डाव' म्हणायला लागले.

डाव असा. सुरुवातीला प्रत्येकाकडे सारखेच दहा पत्ते, सगळी रद्दी. त्या बारक्या कुचकामी यानांना अक्का 'डबडी' म्हणायची. दर वेळी पाच पत्ते हातात घ्यायचे, त्यांच्या जोरावर मधल्या रांगेतली चांगली यानं मिळवायची, आणि आपला गठ्ठा हळूहळू तगडा करत न्यायचा. खेळलेले पत्ते बाजूला टाकायचे. गठ्ठा संपला की तेच पिसून पुन्हा हातात येतात. पण काही पत्त्यांच्या जोरावर एखादं डबडं कायमचं डावाबाहेर काढता येतं. डबडी जितकी लवकर जातील तितकी चांगली यानं हातात लवकर येतात, आणि समोरच्याचा फडशा पडतो. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत म्हणे. अक्कानं वहीत लिहिलं होतं, 'टाकणे' आणि 'टाकून देणे'. नवीन माणसाला ती आधी हेच शिकवायची. "टाकल्यालं पान पिसलं की माघारी येतंय. टाकून दिल्यालं येत न्हाय. ह्यो फरक कळला त्यो जिंकला." हे सांगताना तिचा चेहरा अगदी शांत असायचा.

आणि त्या खेळाची शिफारस तरी किती करावी माणसानं. दातांच्या डॉक्टरला तिनं तोंडात कापूस असताना खुणेनं सांगितलं आणि आठ दिवसांनी खोलीवर खेळायला बोलावलं. निवृत्त एसटी कंडक्टर पाटील, कोपऱ्यावरची भाजीवाली मालन, सगळ्यांना तिनं नादी लावलं. एका घरी आम्ही दोघी भेटायला गेलो होतो, नवरा जाऊन त्या बाईला चार दिवस झालेले. निघताना अक्का तिला म्हणाली, "एकटीला बी खेळता येतंय बरं का." मी तिला चिमटा काढला. वर्षभरानं बघते तर तीच बाई अक्काच्या खोलीत मांडी घालून डाव मांडून बसलेली. मला ती दर आठवड्याला म्हणायची, "अर्ध्या तासाचा डाव हाय शोभे, शीक की." मी म्हणायचे, मला नाही ती डोकेफोड जमत. पण खेळ चांगला आहे, हे न खेळताही सांगते. रविवारी टीव्हीसमोर लोळण्यापेक्षा बरा. आणि समोरचा माणूस मुळात कसा आहे ते त्यात दिसतं, असं अक्का म्हणायची, ते तर माझ्या घरातच खरं झालं.

अश्विनीला पहिलं स्थळ आलं ते कोडोलीचंच. प्रसाद नावाचा मुलगा, पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला, घरी शेती आणि आठ म्हशी. बघण्याचा कार्यक्रम आमच्या घरी होता. पोहे झाले, आणि मुला-मुलीनं गच्चीवर जाऊन जरा बोलावं असं कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात अक्कानं पिशवीतून डबा काढला. "गच्ची कुठं पळून जात न्हाय. आदी माझ्यासंगट एक डाव." पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. पोरगा मात्र हसत खाली बसला. त्यानं नियम नीट ऐकून घेतले आणि खेळला, पण डबडं टाकून द्यायची वेळ आली की हात आखडायचा. तीनदा संधी आली, तिन्ही वेळा त्यानं डबडी ठेवून घेतली. अक्कानं त्याला पार धुऊन काढला. मग चष्मा काढून विचारलं, "का टाकून दिली न्हाईस?" तो म्हणाला, "बाई, सुरवातीपास्नं हीच होती की संगट." त्याच्या काकांनी मान खाली घातली. मग माझ्या ह्यांनी उगाच विषय बदलायला म्हशींचं विचारलं, तेव्हा कळलं की आठातल्या दोन भाकड आहेत आणि पोरगा त्या विकू देत नाही.

स्वयंपाकघरात अक्का माझ्या मागोमाग आली. म्हणाली, "हरला. आणि असा हरला की बघणाऱ्याला लाज वाटावी. पोरगी ह्यालाच द्या." मी म्हटलं, अक्का, असं काय बघितलंस त्याच्यात? "ह्याच्या हातनं टाकून द्यायला हुत न्हाय," ती म्हणाली. "मला कळतंय ते. तुला न्हाय कळायचं." तिचा आवाज जरा हलला होता, आणि तिचा आवाज हललेला मी त्याआधी एकदाच ऐकला होता, तिचा दीर उंबऱ्यावरून परत फिरला त्या दुपारी.

मला तो मुलगा नको होता. कारण साधं होतं. मी कोडोलीत शेण काढत वाढले, माझ्या हातांचा वास लग्नानंतर किती दिवस गेला नव्हता ते मला माहीत आहे, आणि माझी पोरगी भाकड म्हशी पोसणाऱ्या घरात मला द्यायची नव्हती. त्याच आठवड्यात जयसिंगपूरचं दुसरं स्थळ कानावर आलेलं. बंगला, गाडी, एकुलता एक मुलगा. पण अश्विनीला प्रसाद आवडला होता. गच्चीवरून खाली आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. आता नाही म्हणायचं तर कुणाच्या तोंडानं? मी फोन उचलला आणि स्थळ आणलेल्या मामांना सांगितलं, अक्कांना पटलं नाही हो, पोरगा डावात हरला. मामा हसले, म्हणाले, बाईंचं काय सांगावं. अश्विनीलाही मी तेच सांगितलं. सगळ्यांना ते लगेच पटलं.

अश्विनी रडत अक्काच्या खोलीवर गेली. मी मागोमाग धावले, दम लागेपर्यंत जिने चढले. दारातूनच तिनं विचारलं, "मावशी, तू का नको म्हणालीस त्याला?" अक्कानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी तिच्या मागं उभी होते. मी फक्त हात जोडले. अक्का म्हणाली, "हरला की त्यो." एवढंच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. अश्विनी गेल्यावर मी अक्काच्या पायाशी बसले तर तिनं पाय मागं घेतला. "माय मरो मावशी जगो म्हणत्यात," ती म्हणाली. "येड्यांची म्हण हाय. मावशी मेली तर चालतंय, पोरीला माय लागती. म्हणून गप बसले. पर तू सांगायचंस तिला. आज न्हाय, सवडीनं. पर तूच." मी हो म्हटलं.

जयसिंगपूरच्या मुलाबरोबरही ती खेळली. त्यानं नियम एकदाच ऐकले आणि पहिल्या संधीपासून डबडी काढायला लागला, एकापाठोपाठ एक, चहा निवायच्या आत. अक्काला त्यानं हरवलं, आणि पत्ते गोळा न करताच फोन बघत उठला. सगळे कौतुक करत होते. अक्का स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "शोभे, ह्यो नको. ह्यो सगळं टाकून देतोय." मी पुऱ्या तळत होते. मी म्हटलं, "तुझ्या पत्त्यांवर माझ्या पोरीचं लग्न ठरायचं नाही. तुला एकदा टाकलं म्हणून जग काय टाकणाऱ्यांचंच आहे?" माझं क्रियापद चुकलं होतं, पण तिनं ते दुरुस्त केलं नाही. झारा माझ्या हातातून घेतला, कढईतली पुरी करपत होती ती काढली, आणि बाहेर जाऊन बसली.

लग्न तिथंच लावलं, आणि अडीच वर्षांनी अश्विनी दोन बॅगा घेऊन परत आली. सासरचा ड्रायव्हर सोडून गेला. मागून मोबाईलवर नवऱ्याच्या चार ओळी आल्या की जमत नाही, कागदपत्रं वकिलाकडून येतील. त्या दिवशी अक्का पळतच आली. अश्विनीला जवळ घ्यायला तिनं हात पुढं केला, आणि माझ्या पोरीनं जे ऐकवलं ते मी इथं जसंच्या तसं लिहितेय, कारण ते ऐकायची वेळ खरं तर माझी होती. "मनासारखं झालं ना? जिंकणारा पाहिजे होता ना तुला? तुला टाकलं, म्हणून मलाही कुणीतरी टाकायलाच पाहिजे होतं. आता बसू दोघी पत्ते पिसत." मी सोफ्यावर बसले होते, हाताच्या अंतरावर. अक्कानं माझ्याकडं बघितलं. किती वेळ बघितलं असेल... मी उठले आणि पाणी आणायला आत गेले. परत आले तेव्हा अक्काच्या चपला दारात नव्हत्या.

त्यानंतर चार वर्षं अश्विनी तिच्या जिन्याची पायरी चढली नाही. मी जायचे, डबा द्यायचे. दर वेळी अक्का विचारायची, "सांगितलंस?" मी म्हणायचे, तिची तब्येत जरा सावरू दे. मग, तिला नोकरी लागू दे. मग, आता जखम कशाला उकरायची. अक्कानं हळूहळू विचारायचं सोडलं. आजार निघाला तेव्हा पोटात सगळीकडे पसरला होता. दवाखान्यात ती पलंगावर जेवणाचा ट्रे ठेवून दोन्ही बाजूंनी एकटीच डाव खेळायची. पत्ते चादरीवर पडायचे, मी उचलून द्यायचे. जायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "पोरगी येणार न्हाय काय गं?" मी म्हटलं, कामात आहे, रविवारी येईल. अश्विनीला मी दवाखान्यात ये असं म्हटलंच नव्हतं. ती आली असती तर अक्का बोलली असती अशी मला भीती होती. अक्का म्हणाली, "रविवारी व्हय... बरं." आणि पत्ते पिसायला लागली. तो गुरुवार होता.

कोडोलीला माती दिली. आमच्यात बसवून माती देतात. ती बसलेली अगदी वर्गात बसायची तशी दिसत होती. प्रसाद आला होता, बायको आणि दोन मुलांना घेऊन. ज्या बाईनं आपल्याला नापसंत केलं असं तो समजत होता, तिच्या मातीला तो दिवसभर पाणी देत, खुर्च्या मांडत फिरला. अश्विनी लांब उभी राहून ते बघत होती.

तीन आठवड्यांनी आम्ही मायलेकी खोली आवरायला गेलो. अश्विनीनं कपाटावरून डबा काढला आणि दाराकडं भिरकावला. पत्ते जिन्यापर्यंत उडाले. "हा भंगारात दे," ती म्हणाली. "नीच बाई होती तुझी बहीण." मला वाटतं, ती नुसती 'वाईट होती' म्हणाली असती तर मी आजही गप्प बसले असते. पण आमच्या अक्काला नीच म्हणायचं कुणी, ही माझी तिडीक. चांगुलपणा वगैरे काही नव्हता. मी ओरडले, की नीच मी आहे, ती नव्हे. आणि मग सगळं बाहेर पडलं. पहिला मुलगा, दुसरा मुलगा, मामांना केलेला फोन, जोडलेले हात, न दिलेला निरोप. अश्विनी पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती. रडली नाही. तिनं दोनच प्रश्न विचारले. "दोन्ही वेळेला तिनं बरोबर सांगितलं होतं?" मी म्हटलं, हो. "आणि मी तिला तसं बोलले तेव्हा तू पाणी आणायला गेलीस." मी म्हटलं, हो. मग ती उठली, जिन्यात गेली, आणि एकेक पायरी उतरत सगळे पत्ते वेचून आणले.

तिनं ती खोली सोडली नाही. स्वतःच्या नावानं ठेवून घेतली. तिथंच राहते, माझ्याकडं कपडे न्यायला म्हणून दोनदा आली. रविवारी दुपारी दातांचे डॉक्टर येतात, पाटील कंडक्टर येतात, मालन भाजीची पाटी शेजारी ठेवून येते. अक्काची वही मधे उघडी असते, आणि नवीन कुणी आलं तर अश्विनी त्याला आधी टाकणं आणि टाकून देणं यातला फरक समजावून सांगते. परवाच्या रविवारी मी चिवड्याचा डबा घेऊन गेले. मालननं सरकून मला जागा दिली. मी बसले, बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हटलं, "अश्विनी, मलाही शिकव की गं हा डाव." तिनं पत्ते पिसले, दहा डॉक्टरांना वाटले, दहा पाटलांना, दहा मालनला. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तुला कशाला शिकवायचा? तुला येतो की."